मायच्या रक्ताची काच

रक्ताचा धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. "सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं," हे एवढंसं वाक्य मला वर्गाकडे बघून म्हणताच यायचं नाही, हसू फुटायचं. बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि बत्तीस वर्षं हेच झालं. पोरं वाक्य वहीत उतरवून त्याखाली दुहेरी रेघ मारायची आणि मॅडमला खडूच्या धुळीनं ठसका लागलाय असं समजायची. माझ्या निरोप समारंभात एका आगाऊ पोरीनं भर सभेत विचारलं, मॅडम, त्या एकाच वाक्याला तुम्हाला दरवर्षी ठसका कसा लागतो? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायला मायनं मनाई केली होती. "माह्या नावानं लोकं हासतीन," म्हणाली होती. ती मनाई मी इतकी वर्षं पाळली. आता या वयात मोडते आहे, आणि माय वरून रागावत असेल तर रागावू दे.

आमचं गाव मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्याला. शेत गावापासून पायवाटेनं दहा मिनिटांवर, आणि त्यात वांगी, मिरची, मेथी, वैशाखात निघणारे कांदे आणि सांभार, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. आमच्याकडे सकाळ व्हायची ती विहिरीवरच्या इंजिनाच्या फटफटीनं. बाबा इंजिनाशी झगडत असायचे, त्याला लाडानं आणि मग शिव्यांनी समजावत असायचे, आणि माय बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत असायची. तिचे हात इतके सरावलेले की जुडी बघावीही लागायची नाही. घरी आली की चूल, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वांग्याची नाहीतर वरणाची फोडणी. आम्ही सगळे जेवून उठलो की ती बसायची. भांड्यात जे तळाला राहिलं असेल ते तिचं जेवण, आणि त्यातही सोमवार, एकादशी, चतुर्थी असले उपास इतके की महिन्यातले जेवणाचे दिवस मोजायला एका हाताची बोटं थोडी कमी पडली असती एवढंच.

मायच्या गळ्यात तुळशीची माळ होती, माहेरची. त्यामुळे आमच्या घरात एक नियम कडक होता: मटण-कोंबडी उंबऱ्याच्या आत येणार नाही. बाबा, माझा धाकटा भाऊ आणि मी खाणारे. तेव्हा कोंबडी शिजायची ती आवारात, गोठ्याच्या कडेला, तीन दगडांच्या चुलीवर, आणि शिजवणारे बाबा. तिची भांडी वेगळी, मसाला वाटायचा पाटा वेगळा, पळीसुद्धा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली. माय उंबऱ्यात उभी राहून भाकरी वरूनच टोपल्यात सोडायची, टोपल्याला हात लागू द्यायची नाही. पण रागराग म्हणाल तर अजिबात नाही. आतून विचारायची, "मीठ टाकलं का? मांगच्या खेपेले अळणी झालं होतं म्हनत होते ना?" जेवण झालं की आम्ही बाहेरच हातपाय धुऊन, चूळ भरून आत यायचो, आणि ती आमच्याकडे अशी बघायची की एखादं बोट धुवायचं राहिलं असेल तर ते आपोआप मागे जावं.

त्या वर्षी मायला दम लागत होता. विहिरीच्या चढावर घागर घेऊन येताना ती दोनदा थांबायची, आणि कुणी बघितलं तर पदर सारखा करतेय असं दाखवायची. ओठ फिके पडले होते, पायऱ्यांवर बसली की उठताना भिंत धरायची. आणखी एक खोड तिला लागली होती. चुलीच्या कडेची भाजकी माती ती नखानं उकरायची आणि इकडेतिकडे बघून तोंडात टाकायची. मला वाटायचं, असते एकेकाला सवय. बाबांना वाटायचं, काम जास्त झालं. तिला काय वाटायचं ते विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

मी तेव्हा मेहकरला अकरावीत होते, विज्ञान शाखेत, आणि मामाकडे राहत होते. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, तिनंच कडेवर वाढवलेला. त्याची रक्त-लघवी तपासायची खोली होती, घराच्या पुढच्याच अंगाला. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो दर वेळी "मी डॉक्टर नाही हो" म्हणून सांगायचा, मग तेही "हो डॉक्टर" म्हणायचे. खोलीत खिडकीशी एक काळी सूक्ष्मदर्शक दुर्बीण होती. तिला खाली आरसा होता, आणि मामा तो आरसा उन्हाकडे फिरवून उजेड धरायचा. ढग आले की काम बंद. मामीनं त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, पण मला मोकळीक होती. काचेवर रक्ताचा थेंब घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पातळ कसा पसरायचा, वाळवून त्यावर निळं औषध कसं टाकायचं, हे मामानं मला हाताला धरून शिकवलं. वर एक ताकीद: "आंधी काचेवर नाव, मंग रगत. हे विसरली तर दुर्बिनीले हात लावू देनार नाही."

दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजात प्रात्यक्षिक झालं. एका काचेवर बेडकाचं रक्त, एका काचेवर आमचं. बेडकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत मधोमध गडद ठिपका, ते केंद्रक. आमच्या पेशी मात्र गोल, मध्ये जरा दबलेल्या आणि आतून रिकाम्या. सर म्हणाले, माणूस, गाय, उंदीर, सगळ्या सस्तन प्राण्यांचं असंच. बेडूक, मासे, पाखरं यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. मी उभी राहिले आणि विचारलं, "आपल्यात काऊन नसते सर?" 'का'च्या जागी गावाकडचं 'काऊन' ऐकून मागची पोरं हसली. सर म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. बस." मी बसले, पण कानाची पाळी गरम झाली होती. ठरवलं की सुट्टीत घरी पाखराचं आणि माणसाचं रक्त स्वतः घ्यायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मामाकडून कोऱ्या काचा मागून घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि गावी आले.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी बाबांनी शेजारून कोंबडी आणली. ती कापताना मी काच घेऊन पुढे झाले, तेव्हा बाबा म्हणाले, "आता या कोंबडीले बी शिकवतं का सायन्स?" थेंब घेतला, पसरला. मग हात धुऊन आत गेले आणि मायचं बोट धरलं. ती आधी घाबरली, मग लाजली. "माह्या बोटात काय पाह्यतं व सुमे?" म्हणाली, पण बोट पुढे केलं. सुई टोचली, बोट पिळलं आणि दुसऱ्या काचेवर थेंब घेतला, तो जरा जाडच पसरला गेला. काचेवर नाव? दोनच तर काचा होत्या. डावी कोंबडीची, उजवी मायची, विसरायला आहे काय त्यात! आणि कोंबडीचं रक्त घरात ठेवायचं नाही हे पक्कं माहीत असूनही, बाहेर माश्या बसतील म्हणून मी दोन्ही काचा पेपरावर ठेवून पत्र्याच्या पेटीमागे सारल्या. आज माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला महिनाभर प्रयोगशाळेच्या बाहेर उभा केला असता.

सोमवारी सकाळी मी मामीसाठी भाजी आणायला शेतात गेले होते. माय घर झाडत होती आणि केरसुणी पेटीमागे गेली. मी परत आले तेव्हा पेटीवर पेपर पसरलेला, त्यावर दोन काचा, एक डागाळलेली आणि एक आरशासारखी लख्ख. माय कंबरेवर हात ठेवून उभी.

"माळ हाय माह्या गळ्यात, अन तू कोंबडीचं रगत पेटीमागं लपवतं?"

"दोन्ही धुतल्या का व माय?"

"दोनी कायले धुईन? माही ठेवली ना. कोंबडीची तेवढी धुतली, राखेनं घासून, बाहीर."

"पन तुले कसं समजलं कोनती कोनाची?"

"न समजाले काय झालं? एक लालभडक होती, ते कोंबडीची. दुसरी फिक्कट. माह्यात एवढं रगत कुठून आलं मंग?"

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मायची खात्री अशी दांडगी असायची की तिच्यापुढे आपली आठवण आपणच दुरुस्त करून घ्यायची. मला आठवत होती फक्त डावी आणि उजवी, आणि पेपर उचलल्यावर तीही राहिली नव्हती. शिवाय माझी चोरी पकडली गेली होती, जास्त बोलायला तोंड नव्हतं. निदान एक तरी वाचली म्हणून मी ती काच गुंडाळली आणि दुपारच्या एसटीनं मेहकरला गेले. ते शेवटचं वाक्य ती किती सहज बोलून गेली होती, हे मला त्या वेळी ऐकूच आलं नाही.

मामा शुक्रवारपर्यंत बुलढाण्याला गेला होता, कसल्याशा प्रशिक्षणाला. मंगळवारी ऊन चांगलं होतं. मी काचेवर औषध टाकलं, वेळ मोजली, धुतली, वाळवली, आरसा फिरवला आणि डोळा लावला. आधी नुसतं गुलाबी धुकं. मग चाक फिरवलं आणि पेशी दिसल्या. प्रत्येक पेशीत मधोमध जांभळा ठिपका. एकीत नाही, दोघींत नाही, सगळ्यांत. मी काच सरकवली, दुसरा कोपरा बघितला. तेच. माझ्याच हाताची चूक असेल म्हणून स्वतःचं बोट टोचलं, त्याच औषधानं दुसरी काच केली. माझ्या पेशी रिकाम्या, जशा सरांनी दाखवल्या होत्या तशाच. म्हणजे औषध बरोबर, दुर्बीण बरोबर, मी बरोबर. चूक होती ती मायच्या रक्तात.

मामाच्या कपाटात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश घेऊन मी त्याला भिडले. एका पानावरचं मला कळलं ते असं की मोठ्या माणसाच्या वाहत्या रक्तात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसू लागल्या तर समजावं, हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथेच काहीतरी बिघडलं आहे. खाली आजारांची यादी होती. त्यातला एकच शब्द मला शब्दकोशाशिवाय कळला, आणि तो वाचल्यावर मी पुस्तक मिटलं. दम लागणं, फिके ओठ, उठताना भिंत धरणं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. कोंबडीचा विचार मनात आला नाही का? आला की. पण कोंबडीची काच मायनं राखेनं घासून धुतली होती, आणि माय खोटं बोलत नाही. पेशी लांबट दिसत होत्या तेही मी पाहिलं आणि म्हटलं, माझ्या पसरण्यात चूक असेल. सतरा वर्षांच्या हुशार मुलीइतकं मूर्ख माणूस मी पुढच्या आयुष्यात फारसं पाहिलेलं नाही.

मामीला सांगणं शक्य नव्हतं. मामी फार मायाळू, रडली असती, आणि तिचं रडणं ऐकून गल्ली गोळा झाली असती. बुधवारी मी कॉलेज बुडवून गावी गेले. माय म्हणाली, "परवाच गेल्ती ना व?" मी म्हटलं, सुट्टी आहे. मग मी तिच्या हातातली घागर काढून घेतली, भाकरी थापल्या, भांडी घासली, जुड्या बांधल्या. त्या इतक्या सैल झाल्या की बाबांनी परत सोडल्या. माय माझ्याकडे संशयानं बघत होती. शेवटी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "खरं सांग, नापास झाली का तू?" मी मान हलवली आणि गोठ्यात जाऊन रडले. गाईसमोर मी देवाला नवस बोलले की माय वाचली तर जन्मात कोंबडी खाणार नाही. तो नवस मी पुढच्या दिवाळीपर्यंत पाळला, हे इथे कबूल करून टाकते.

ते दोन दिवस घरातला एकेक आवाज मला वेगळा ऐकू येत होता. बांगड्या हातावर सरकवून ती पीठ मळायची तो आवाज, कढईत मोहरी तडतडली की तिची ती "हं" अशी दाद. भाऊ नेहमीसारखा तिच्याशी भांडत होता आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. गुरुवारी मी आणखी एक थाप मारली: मामीनं पापडांसाठी बोलावलंय, तुझ्या हाताशिवाय पीठ जमत नाही म्हणते. कुणाला आपल्यावाचून अडलंय म्हटलं की माय नाही म्हणायची नाही. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी तिला मेहकरला आणलं.

मामा नुकताच आला होता, बशीत चहा ओतत होता. मी त्याला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं, दार लावलं, काच त्याच्या हातात दिली आणि काय पाहिलं ते सांगितलं. त्याच्या तोंडावरचा रंग गेला. "बाईची काच?" एवढंच विचारलं. तो मायला बाई म्हणायचा. स्टुलावर बसला, आरसा फिरवला. बाहेर माय मामीला विचारत होती, उडदाचं पीठ कुठं हाय? मामा बराच वेळ बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय, आणि मीही मोठ्यानं रडायला लागले. तो वळला तर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं खरं, पण तोंड हसत होतं. दार उघडून तो ओरडला, "बाई! ओ बाई! इकडं ये. आंडे कवापासून देऊन राह्यली तू?"

माय पिठाचे हात घेऊन दारात आली. मामानं मला सगळं विचारून घेतलं, पेटी, पेपर, राख. मग म्हणाला, "आजारी मानसाच्या रक्तात अशी एखांदी पेशी सापडते, ते बी शोधावं लागते. इथं तर साऱ्याच तशा, अन साऱ्या लांबट. हे पाखराचं रगत हाय, सुमन. कोंबडी हाय ही."

"म्हन्जे माहं रगत मी राखेनं घासलं?" मायनं विचारलं.

"हाव. अन कोंबडीचं जपून ठेवलं. घरात. माळकरीन!"

मामी हसत सुटली आणि तिच्या मागे मी, रडता रडताच. मी तिथेच जमिनीवर बसले. चार दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं होतं आणि मला एकदम कडकडून भूक लागली. माय मात्र हसत नव्हती. ती दुर्बिणीकडे बघत होती.

"थांब रे," ती म्हणाली. "कोंबडीत ते ठिपका हाय, अन माह्यात नाही? काऊन?"

माझाच प्रश्न, माझ्याच शब्दात. मामानं परीक्षेचं काही काढलं नाही. स्टूल तिच्याकडे सरकवून म्हणाला, "बाई, बाजाराले माल नेतांनी टोपल्यात तू सोताचं काय ठेवतं?"

"काहीच नाही. मालाची जागा जाते."

"तसंच हाय. हाडाच्या आत नवी पेशी होते तवा तिच्यात बी ठिपका असते. त्याच्याच भरवशावर ते तयार होते. अन मंग रस्त्याले लागाच्या आंधी ठिपका बाहीर टाकून देते. जागा झाली की सारी लाल मालानं भरते. पोटातून दबते, मऊ पडते, अन आपल्याहून बारीक नळीतून बी दुमडून जाते. हवेतला प्राणवायू अंगभर पोचवते, अन त्यातला सोता कनभर वापरत नाही."

"अन मंग?"

"मंग काय! ठिपका नाही तर फाटलं-तुटलं दुरुस्त करता येत नाही, पिल्लं होत नाहीत. चार महिने फिरते अन मोडते. हाड पुन्हा नवी देते."

माय हातावरचं पीठ झाडत म्हणाली, "म्हन्जे सारं दुसऱ्याचं वाह्याचं, सोताले काही ठेवाचं नाही, अन खंगून मराचं. बाईमानसाचाच जन्म दिसते तिचा बी."

तिनं ते गमतीनं म्हटलं होतं, पण मामाचं हसू गेलं. मी पुढे हे उत्तर वर्गात शेकडो वेळा दिलं, टोपल्यासकट. एकदा एका मुलानं विचारलं, मॅडम, मग पाखरांचं काय अडलं? त्यांच्या पेशीत केंद्रक असूनही ती डोंगर ओलांडून उडतातच की. मी त्याला सांगितलं की बाबा, जागा होते, पेशी लवचिक होते, हे खरं, पण एवढ्याचसाठी हे झालं का, आणि सस्तन प्राण्यांतच का झालं, हे सगळं मला छातीठोक सांगता येणार नाही. शास्त्रातली पुष्कळ 'का' अशीच अर्ध्या उत्तरावर उभी असतात. तो मुलगा नाराज झाला नाही, उलट खूश झाला.

तर मामानं मायला उजेडात बसवलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. "बोट दे," म्हणाला. या वेळी काचेवर आधी नाव लिहिलं गेलं. खरी काच तयार झाल्यावर त्यानं मलाही दाखवली. ठिपका कुठेच नव्हता. पण पेशी लहान, आणि बांगड्यांसारख्या, कडेला तेवढा रंग आणि मधे पांढरं. मग नळीत रक्त घेऊन रंग जुळवून पाहिला, तो असायला हवा त्याच्या निम्म्यावरच थांबला. मामानं विचारलं, "बाई, माती खातं का तू?" मायनं मान खाली घातली. लहान भावासमोर तिला इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "अंगात लोह नाही उरलं तुह्या," तो म्हणाला. "टोपलेच रिकामे फिरून राह्यले. पन हे बरं होते. पक्कं बरं होते." त्यानं तिला लगेच शेजारच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं आणि उपास बंद करायला सांगितले. माय म्हणाली, एकादशी सोडनार नाही. डॉक्टर म्हणाले, एकादशी राहू द्या, पण बाकीचे सोडा. हा सौदा तिला मान्य झाला. पुढे काही महिन्यांत ती विहिरीचा चढ न थांबता चढायला लागली आणि माझ्या लग्नात तिनं तीन दिवस कुणालाही बसू दिलं नाही.

त्या दुपारी मामीनं पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा केला होता. मायला मामाच्या शेजारी पाटावर बसवलं आणि उठू दिलं नाही. ती सारखी दाराकडे बघत होती, कुणी पाहील म्हणून. मी किती भाकरी खाल्ल्या ते मामी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत असे.

संध्याकाळच्या आधीच्या एसटीनं आम्ही दोघी गावी निघालो. पुढे शनिवार-रविवार होता आणि मला तिला एकटं सोडायचं नव्हतं. गाडीत गर्दी नव्हती. माय खिडकीशी बसली. बाहेर तुरीला फुलं आली होती, रस्त्याच्या कडेनं बैलगाड्या परतत होत्या. मग बाहेर बघतच तिनं विचारलं, "चार दिवस तू हे मनात ठेवलं?"

"हाव."

"बाबाले बी नाही सांगितलं?"

"नाही."

"काय वाटत होतं तुले?"

मला ते तोंडून काढवत नव्हतं. पण काढलं. "तू मरशीन, असं वाटत होतं."

गाडी एका थांब्यावर थांबली, एक म्हातारा चढला, कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी सुटल्यावर माय म्हणाली, "मले बी तसंच वाटून राह्यलं होतं."

मी तिच्याकडे बघितलं. "कवापासून?"

"पोळ्यापासून. तुही परीक्षा होईलोग निभावलं पाह्यजे, एवढंच देवाले म्हनत होती."

अडीच महिने ही बाई हे मनात घेऊन जुड्या बांधत होती, मीठ टाकलं का म्हणून विचारत होती, आणि मी चार दिवसांनी मोडून पडले होते. मी तिचा हात धरला. एरवी चारचौघांत तिनं तो सोडवून घेतला असता. त्या दिवशी राहू दिला. दुसऱ्या हातानं तिनं पदराची गाठ सोडली, गोळ्यांची पुडी काढली आणि उजेडात धरून पाहिली.

"या सरल्या की अजून आनाच्या?"

"हाव. सहा महिने घ्याच्या म्हने डॉक्टर."

"सहा महिने," ती म्हणाली. मग माझ्या हातातला हात काढून घेतला आणि अंगठ्यानं बोटाची पेरं मोजायला लागली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. अंगठा चैत्रावर थांबला. ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तो एक पेर आणखी पुढे सरकला.

"मंग यंदाचे कांदे काढाले मी हाय," माय म्हणाली.